हातांच रख लेव : एका विद्यार्थी-लघुपटावरचे अभिप्राय

आमच्या भागातल्या पाच विद्यार्थ्यांनी मिळून सतरा मिनिटांचा एक विनोदी लघुपट केला आहे. विषय साधा आहे. कामाच्या ठिकाणी माणसे एकमेकांशी काय आणि कसे बोलतात, एवढाच. विडी कारखान्याची खिडकी, टॉवेल-चादरीचे दुकान आणि दाखले देणारे एक सरकारी कार्यालय अशा तीन जागा त्यात आहेत. सगळे चित्रण मोबाईलवर झाले आहे. पाचांपैकी तिघे उर्दू माध्यमातून आलेले, एक तेलुगू घरातला, एक मराठी. सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. उर्दू माध्यमातल्या तिघांपैकी दोघे वळसंगचे, एकेकाळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून हजेरी घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची नक्कल करणारे. तिसरी मुलगी कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतली. लघुपटाचे नाव इथे देत नाही, कारण मुलांनी ते दोनदा बदलले आहे आणि तिसऱ्यांदा बदलणार नाहीत याची खात्री नाही.

या लघुपटावर वर्षभरात निरनिराळ्या लोकांनी अभिप्राय दिले. मला या लेखात लघुपटाइतकीच त्या अभिप्रायांची तपासणी करायची आहे. आपल्याकडे कवितासंग्रहांची समीक्षा होते, नाटकांची होते. विद्यार्थ्याच्या कामावर मोठी माणसे जे शेरे मारतात, त्या शेऱ्यांची समीक्षा मात्र कोणी करत नाही. ते शेरे घेऊन मुले घरी जातात आणि त्यातली निम्मी पुन्हा कागदाला हात लावत नाहीत.

पहिला अभिप्राय एका लघुपट स्पर्धेतला. स्पर्धेचे नाव सांगण्याची गरज नाही, अशा स्पर्धा प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. परीक्षकांच्या कागदावर तीन वाक्ये होती. भाषा समजत नाही, प्रमाण मराठी किंवा सरळ हिंदी वापरावी. संदेश स्पष्ट होत नाही. विनोदाच्या जागा वाढवाव्यात. खाली गुण, शंभरपैकी एकेचाळीस. मुलांनी तो कागद मला आणून दाखवला तेव्हा त्यांना वाईट एकेचाळीसचे वाटले नव्हते. "आपा, कौनसी जगा पे हसे नै, वो तो लिखनाच था," असे एकजण म्हणाला. कुठे हसले नाहीत तेवढे तरी लिहायचे होते.

त्याच्या या म्हणण्यात मला बी.एड.चा एक जुना तक्ता दिसला. ज्यांनी बी.एड. केले आहे त्यांना सूक्ष्म अध्यापनाचे छत्तीस मिनिटांचे चक्र तोंडपाठ असेल. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण. आम्ही त्या शब्दाची टिंगल करायचो, 'प्रत्याभरण' म्हणजे काहीतरी भांड्यात ओतायचे असावे म्हणून. पण त्या तक्त्यात एक शहाणपण होते. सर्वांत जास्त वेळ ना शिकवण्याला होता ना शेऱ्याला. तो होता पुन्हा आखणी करण्याला, आणि तो शेऱ्याच्या बरोबर दुप्पट. निरीक्षकाने नुसते 'आवाज चांगला, फळालेखन सुधारा' लिहून चालत नसे. कोणत्या मिनिटाला कोणता प्रश्न विचारला आणि वर्ग का गप्प राहिला, हे लिहावे लागे, कारण बारा मिनिटांनी तोच पाठ पुन्हा घ्यायचा असे.

स्पर्धेत हे चक्र पहिल्या बारा मिनिटांवर थांबते. सादर करा, गुण घ्या, जा. शाळेच्या भाषेत सांगायचे तर तिथे आकारिक काही नाही, सगळे संकलितच. याचा अर्थ परीक्षकांनी गोड बोलावे असा मी घेत नाही. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. महाराष्ट्रातले कितीतरी नट, लेखक, दिग्दर्शक तिच्यातून घडले. २०२२ साली तिथल्या अंतिम फेरीच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवले आणि करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर मोठा वाद झाला. मुलांचे मन मोडले असे काही म्हणाले, कुणीतरी खरे बोलले असे इतर म्हणाले. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. करंडक न देणे हा परीक्षकाचा हक्क आहे, आणि सगळ्यांना काहीतरी देऊन पाठवण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे. पण 'नाही' हा शब्द कितीही प्रामाणिक असला तरी तो पुनर्नियोजनाला पुरत नाही. 'कुठे नाही' हे सांगितल्याशिवाय तो अभिप्राय होत नाही, तो निकालच राहतो.

आता 'भाषा समजत नाही' या पहिल्या शेऱ्याकडे येऊ. मला तो सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो शेरा मानला असता तर लघुपटातला सर्वांत चांगला विनोद मेला असता.

प्रसंग विडी कारखान्याच्या खिडकीवरचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला तो समजावून सांगायला नको, पण हा अंक रत्नागिरीत आणि जळगावातही वाचला जातो म्हणून सांगते. कारखाना बाईला तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा देतो. ती घरी विड्या वळते आणि मोजून कारखान्यात जमा करते. खिडकीमागचा चेकर त्या तपासतो आणि ज्या पसंत पडत नाहीत त्या छाटतो. छाटलेल्या विडीची मजुरी मिळत नाही. या एवढ्याशा संवादात घराचा बाजार, मुलाची फी, सगळे अडकलेले असते. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात नापास केलेल्या विड्यांवरून होणारे वाद झटपट सोडवण्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली होती. खिडकीवरचे भांडण थेट संसदेपर्यंत पोचले होते, म्हणा ना.

लघुपटात चेकर एक बंडल बाजूला टाकतो आणि म्हणतो, पत्ता खराब है. बाई म्हणते, पत्ता तुमेच दिये. चेकर म्हणतो, तंबाकू जास्त भरे. बाई म्हणते, तंबाकू बी तुमेच तौल के दिये. चेकर म्हणतो, धागा ढीला है. मग बाई शांतपणे दोन्ही हात खिडकीतून आत घालते. "पत्ता तुमारा, तंबाकू तुमारा, धागा तुमारा. मेरे सिरफ हातां हैं. खराबी उनमेंच है बोलते तो हातांच रख लेव."

हेच वाक्य सरळ हिंदीत करून पाहा. 'मेरे तो केवल हाथ हैं, आप हाथ ही रख लीजिए.' आता ती बाई विडी कामगार राहिली नाही, ती चित्रपटातली दुःखी आई झाली. हसू गेले आणि त्यातला कडूपणाही गेला. प्रमाण मराठीतही तेच होईल. त्या वाक्याची सगळी धार 'हातांच'मधल्या अनेकवचनात आणि त्या शेवटच्या 'च'मध्ये आहे. तो 'च' कुठला? तो मराठीचाच आहे. दिल्लीच्या उर्दूत तो नाही, लखनौच्या नाही. दखनीने तो शेजारच्या मराठीकडून घेतला आणि शेकडो वर्षे वापरला. मराठी परीक्षकाला दखनी समजली नाही म्हणतात तेव्हा त्याला स्वतःच्या भाषेचा सर्वांत लाडका प्रत्यय दुसऱ्याच्या तोंडात ओळखू आला नाही, एवढाच अर्थ निघतो.

शिवाय न समजण्याची ही भीती आता जुनी झाली. आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याच्या जेऊरच्या नागराज मंजुळ्यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री'त, जो २०१४ मध्ये चित्रपटगृहात आला, जब्याच्या घरातली माणसे आपसात कैकाडी बोलतात. चित्रपटाचे नावच कैकाडी आहे. तो शब्द किती प्रेक्षकांना आधी माहीत होता? कोणाचे काही अडले नाही. घरातली भाषा घरात बोलली जाते हे प्रेक्षकाला कळते, फक्त दाखवणाऱ्याने ती लाजत दाखवू नये.

मुलांना मी एवढेच सांगितले की ज्यांच्यावर हा लघुपट आहे त्यांना तो एकदा दाखवा. कल्पना काही माझी नाही. अण्णाभाऊ साठे, गवाणकर आणि आमच्या बार्शीचे अमर शेख लाल बावटा कलापथकातून गाणी-नाट्ये घेऊन गिरणगावात जात तेव्हा समोर गिरणी कामगारच बसलेला असे. त्याला खोटे वाटले की तो तिथल्या तिथे सांगे. मालेगावचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला. त्यात काम करणारे मालेगावचे आणि पाहणारे यंत्रमागावर राबणारेही मालेगावचे. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे ते जगाला कळले आणि २०२५ साली रीमा कागतींचा चित्रपटही त्यांच्यावर आला. मालेगावच्या त्या हसण्यात मुंबईचे नट खाली उतरून मालेगावच्या बोलीत बोलू लागतात, मालेगावचा माणूस वर चढून मुंबईसारखे बोलत नाही. कामगारांच्या विनोदाची दिशा कोणती असावी याचा एवढा सोपा नमुना मला दुसरा माहीत नाही.

तर वळसंगमध्ये एका घराच्या अंगणात, मगरिबनंतर, भिंतीवर पांढरी चादर लावून लघुपट दाखवला. वीस-बावीस बायका होत्या. बहुतेक विडी वळणाऱ्या, काही कुंभारीहून आलेल्या. कुंभारी सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर, आमच्या वाटेवरच. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत तिथे २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांना मिळाली. त्या बायकांच्या हातात लघुपट पाहतानाही सुपे होती. दोघी-तिघी खरोखरच काम करत होत्या, कारण उद्याचा आकडा भरायचा होता.

'हातांच रख लेव'वर त्या अशा हसल्या की पुढचे तीन संवाद ऐकूच आले नाहीत. एक चाची म्हणाली, हे मी बोललेय, तुम्हाला कोणी सांगितले? कोणी सांगितले नव्हते. याहून मोठा पुरस्कार त्या प्रसंगाला मिळणार नाही. परीक्षकांच्या सभागृहात त्याच जागी शांतता होती, असे मुले सांगतात.

पण दिवा लागल्यावर जे बोलणे झाले ते कौतुकाचे नव्हते. चेकर कोणालाच पटला नाही. मुलांनी त्याला मोठ्या आवाजाचा केला होता. तो टेबलावर हात आपटतो, तेलुगू वळणाची मोडकी हिंदी बोलतो, प्रत्येक वाक्याला एक ठरावीक शब्द जोडतो. भूमिका करणारा मुलगा स्वतः तेलुगू घरातला, त्यामुळे त्यात कोणाला काही गैर वाटले नव्हते. सभागृहातले हसू बहुतेक त्याच्याच वाट्याला आले होते. चाची म्हणाली, "वो चिल्लाता नै रे. चिल्लाया तो हमे बी चिल्लाते. चुप बैठ के छाँटता, वोच डर है."

या एका वाक्यात नाट्यशास्त्राचा एक धडा आहे. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येते, म्हणून तो विनोदात सोपा. गप्प माणूस अवघड, कारण त्याच्यासमोर बोलणाऱ्याचेच शब्द वाढत जातात आणि शेवटी बोलणाराच हास्यास्पद होतो. कामाच्या ठिकाणचा खरा संवाद बहुधा असाच असतो. ज्याच्या हातात काही आहे तो कमी बोलतो.

तेलुगू अक्का मात्र सगळा वेळ हसल्या नव्हत्या. विचारले तेव्हा मराठीत म्हणाल्या, आमच्या बोलण्याला हसायचं काय कारण? तो पण पगारीच माणूस. पिक्चरमध्ये मालक कुठं आहे?

अंगणात कोणी काही बोलले नाही. मुलांच्या लघुपटात खरेच मालक नव्हता. सतरा मिनिटांत तिन्ही ठिकाणी नोकर नोकराशी भांडत होते आणि आपण हसत होतो. परीक्षकांच्या तीन वाक्यांत हे नव्हते. माझ्याही वहीत नव्हते. मी भाषेच्या मुद्द्यावर टिपणे काढून नेली होती, ती तशीच राहिली.

अक्कांच्या आक्षेपाचा पहिला भाग आपल्या वाचकांनी जरा थांबून पाहावा, कारण तो आपल्याला चांगला ओळखीचा आहे. 'गुमनाम' (१९६५) मध्ये मेहमूदने बटलरच्या तोंडी हैदराबादी बोली घातली आणि सारा देश हसला. मेहमूद मोठा नट होता, त्याची वेळ साधण्याची ताकद मी नाकारत नाही. पण त्यानंतर हिंदी सिनेमात दखनी बोलणारा माणूस बहुतेक वेळा नोकर किंवा विदूषक म्हणूनच आला, आणि शाळेत आमची मुले बाहेरच्या पाहुण्यांसमोर 'हौ' म्हणायला लाजू लागली. आपल्या बोलीला हसणाऱ्यांवर आपण लेख लिहायचे आणि आपल्या पोरांनी शेजारच्या तेलुगूच्या हेलावर टाळ्या घ्यायच्या, हे जमणार नाही. विनोद करू नये असे नाही. सुलेमान खतीब गुलबर्ग्याचे, आमच्यापासून फार दूर नाहीत. त्यांच्या दखनी कविता म्हणजे सासू-सुनांची, पगाराच्या दिवशीच्या नवरा-बायकोची बोलणीच आहेत. मुशायऱ्यात लोक पोट धरून हसत. पण तिथे हसू बोलीवर नसते, ते त्या बोलीत सांगितलेल्या गोष्टीवर असते, आणि म्हणूनच कविता अचानक वळते तेव्हा हसणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकते. हेल काढून घेतला तरी खतीबांची गोष्ट उरते. मुलांच्या चेकरचा हेल काढला तर काही उरत नव्हते.

आणखी एक अभिप्राय त्या रात्री मिळाला, तो सगळ्यांसमोर नाही. कुंभारीच्या मुलीची आई तिला बाजूला घेऊन म्हणाली, थैलीवर नाव दिसतेय. उद्या मला पत्ता कमी दिला तर? खिडकीच्या प्रसंगात मागे एक रिकामी थैली टांगली होती आणि तिच्यावर कारखान्याचे छापील नाव अर्धे दिसत होते. मुलीने ती थैली घरूनच आणली होती, प्रसंग खरा वाटावा म्हणून. लघुपटाचे छायाचित्रण, संपादन, अभिनय यांवर कितीही जाणकार बोलोत, त्या थैलीची किंमत त्या आईलाच माहीत होती. मुलीचे म्हणणे होते की नाव राहू द्यावे, खोटे काहीच दाखवलेले नाही. त्यांचे तीन दिवस घरात बोलणे बंद होते, असे मला नंतर कळले. या भांडणात मी मुलीची बाजू घेणार नाही. विनोदाचे धाडस ज्याने करायचे त्याने स्वतःच्या मजुरीवर करावे, आईच्या नाही. पण मुलीचा हट्टही मला क्षुल्लक वाटत नाही. नाव झाकले की तो कोणताही कारखाना होतो, आणि कोणताही कारखाना असला की कोणालाच काही लागत नाही.

उरलेल्या दोन भागांविषयी थोडक्यात. सरकारी कार्यालयाचा भाग सरळसरळ 'ऑफिस ऑफिस' या जुन्या मालिकेच्या सावलीत आहे. २००१ मध्ये ती आली तेव्हा ही मुले जन्मलीही नव्हती, तरी त्यांनी ती मोबाईलवर पाहिलेली दिसते. प्रत्येक कारकुनाला एक सवय, एक पालुपद, आणि मध्ये फिरणारा गरीब अर्जदार. पंकज कपूरचा मुसद्दीलाल ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथे नवे काही मिळत नाही. आणि आता अर्ज संगणकावर भरायचे, 'सर्व्हर डाऊन आहे' हे नवे पालुपद मुलांच्या रोजच्या अनुभवातले असताना त्यांनी फायलींवरची धूळ का दाखवावी कळत नाही. हा भाग कापला तरी चालेल. मुलांना हे आवडलेले नाही.

दुकानाचा भाग वेगळा. तिथे विनोद कच्चे आहेत, काही तर मोबाईलवर फिरणारे चुटके आहेत. पण त्यात एक कल्पना अशी आहे की त्यावर स्वतंत्र लघुपट व्हावा. चादरीच्या दुकानातला सेल्समन मराठी गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो, विजापूरकडच्या माणसाशी कानडी, पूर्व भागातल्या बाईशी तेलुगू, बुरखेवाल्या चाचीशी दखनी. चारही भाषांत तो तरबेज, चारही भाषांत तो चादरीची तारीफ करतो. मग गल्ल्यावरचा मालक हाक मारतो, आणि या चार भाषांच्या माणसाकडे मालकाशी बोलायला एकच शब्द उरतो, 'जी'. पगारवाढ मागायची आहे, तो तोंड उघडतो आणि 'जी' बाहेर येते. मुलांनी हे अवघ्या पंचवीस सेकंदांत उरकले आहे आणि लगेच पुढच्या चुटक्याकडे धावले आहेत. मी ती जागा पाच वेळा पाहिली. तिथे गल्ल्यावरून येणारी हाक ऐकू येते, माणूस दिसत नाही. म्हणजे अक्कांना हवा असलेला मालक या लघुपटात एका आवाजापुरता होता, करणाऱ्यांनाच तो सापडला नव्हता.

अंगणातल्या त्या रात्रीनंतर मुलांनी पुनर्नियोजन केले. बारा मिनिटांत नाही, दोन महिन्यांत. नव्या प्रतीत चेकर ओरडत नाही. तेलुगू मुलानेच भूमिका केली आहे, पण आता तो खिडकीतल्या बायकांशी त्यांच्यासारखेच दखनी बोलतो, जसे सोलापुरातली निम्मी तेलुगू माणसे बोलतात. बंडल उचलतो, अंगठ्याने दाबून पाहतो, बाजूला ठेवतो. बाई बोलत राहते. 'हातांच रख लेव' येते. चेकर त्या हातांकडे पाहतो, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजतो. तो खुर्चीवरून उठून उभा राहतो. जी. जी. जी मालक. छाटलेली बंडले एका हाताने मोजत तो फोनवर आकडा सांगतो. पलीकडून आकडा पसंत पडत नाही हे आपल्याला त्याच्या मानेवरून कळते. तो खाली बसतो आणि आणखी दोन बंडले बाजूला टाकतो. बाईचे हात अजून खिडकीतच आहेत.

मला हा प्रसंग पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला वाटतो. विनोद कमी झाला आहे असे दोघा मित्रांनी मुलांना सांगितले, तेही खरे आहे. पहिल्या प्रतीत या प्रसंगात सहा-सात जागी हसू होते, आता तीन जागी आहे. पण ती तीन हसणी एकमेकांवर रचलेली आहेत. आधी बाईच्या बोलण्यावर आपण हसतो, मग चेकरच्या उठण्यावर, आणि तिसऱ्या 'जी'वर हसताना आपल्याला सेल्समन आठवावा अशी सोय झाली आहे. दुकानाचा भाग त्यासाठी आता आधी घेतला आहे. ही जुळणी मुलांना कोणी सुचवली नव्हती.

एक गोष्ट मात्र मला अजूनही खटकते. शेवटी पडदा काळा होतो आणि पांढऱ्या अक्षरांत कामगारांच्या सन्मानाविषयी एक वाक्य येते. 'संदेश स्पष्ट होत नाही' या दुसऱ्या शेऱ्याचा हा परिणाम. ते वाक्य बायकांच्या अंगणात नव्हते, स्पर्धेच्या कागदानंतर ते मुलांच्या मनात बसले आणि नव्या प्रतीत आले. बाईचे हात खिडकीत असताना आणखी काय सांगायचे राहते? मी ते काढायला सांगितले आहे. मुले म्हणतात, आपा, ते काढले तर पुन्हा तेच तीन शेरे येतील. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. गुण देणारे बदललेले नाहीत, आणि बहुतेक स्पर्धांत तोच लघुपट दुसऱ्यांदा घेत नाहीत, मग तो कितीही बदललेला असो.

थैलीचे काय झाले हे विचारणारे विचारतील. नव्या चित्रणात थैली आहे, पण उलटी टांगली आहे. नाव आतल्या बाजूला गेले आहे. मुलीच्या आईने प्रत पाहिली, थैलीपाशी थांबवायला लावली, जवळ जाऊन पाहिले आणि म्हणाली, ठीक आहे, पण ही थैली आता परत आण, मला सोमवारी पाने आणायची आहेत.